खुर्द्याची गणती

मानवी इतिहासातल्या सर्वाधिक प्राणघातक युद्धांची एक यादी करावी अशी हुक्की गेल्या महिन्यात आली आणि मी वहीत तीन रकाने आखले: युद्ध, काळ आणि मृतांची संख्या. पहिल्या बैठकीत काम झरझर झाले. दुसऱ्या महायुद्धापुढे ७ ते ८.५ कोटी, चीनमधल्या तायपिंग बंडापुढे २ ते ३ कोटी, पहिल्या महायुद्धापुढे दीड ते दोन कोटी, अशा ओळी एकाखाली एक उतरत गेल्या. मग मी ‘हा आकडा आला कुठून’ असा चौथा रकाना वाढवला आणि तिथे सगळा तक्ता विस्कटला.

पहिला अडला तो आन लुशानच्या बंडाचा आकडा. चीनच्या तांग साम्राज्याच्या या सेनापतीने ७५५ साली बंड पुकारले, लोयांग आणि चांगआन ही दोन्ही राजधानीची शहरे बंडखोरांच्या हाती गेली, सम्राटाला सिचुआनकडे पळ काढावा लागला आणि हे प्रकरण ७६३ पर्यंत धुमसत राहिले. अनेक याद्यांत या युद्धापुढे ३ कोटी ६० लाख मृत लिहिलेले आढळतात. तेव्हाच्या जगाच्या लोकसंख्येशी प्रमाण लावून हेच इतिहासातले सर्वांत भीषण युद्ध, असा निष्कर्षही काही जण काढतात. प्रत्यक्षात ही साधी वजाबाकी आहे. ७५५ च्या सरकारी पटावर सुमारे ५ कोटी २९ लाख माणसे होती आणि ७६४ च्या पटावर १ कोटी ६९ लाख उरली. मात्र तो पट कर आणि वेठ यांच्या वसुलीसाठी ठेवलेला होता. बंडानंतर ईशान्येकडचे लष्करी सुभेदार जवळजवळ स्वतंत्र झाले आणि त्यांनी दरबाराला पट पाठवणेच सोडून दिले. असंख्य कुटुंबे दक्षिणेकडे पळाली आणि नव्या जागी कुठल्याही कारकुनाच्या दप्तरात चढली नाहीत. चढण्याची त्यांना हौस तरी का असावी, नाव चढले की कर मागे लागणारच. त्यामुळे मेलेला माणूस आणि दप्तरातून निसटलेला माणूस, दोघेही या वजाबाकीत एकाच खात्यात जमा होतात. संहार मोठा झाला यात शंका नाही, पण हा आकडा मृतांचा म्हणून मला तरी लिहवेना.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई आहे. १ जुलै १९१६ या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० सैनिक मेले, असे दशकस्थानापर्यंत नेमके सांगितले जाते. सैनिकाला पगार असतो, त्याचे नाव हजेरीपटावर असते, त्याच्या घरी कळवावे लागते, विधवेला पेन्शन द्यावी लागते. म्हणून त्याच्या मृत्यूची नोंद ठेवणे राज्याला भागच पडते. त्याच महायुद्धात उपासमारीने आणि साथींनी गेलेल्या नागरिकांचे अंदाज मात्र लाखालाखांनी मागेपुढे सरकतात. पानिपतानंतर सावकारी सांकेतिक भाषेत आलेल्या पत्राची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते: मोत्ये गळाली ती दोन, मोहरा हरवल्या त्या सत्तावीस, आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. इतकी वर्षे मी त्या ओळीकडे शोकाचे काव्य म्हणूनच पाहत आलो होतो; तक्ता भरताना प्रथमच ती हिशेबाची रीत म्हणून डोळ्यांपुढे आली.

आणि मोठ्या युद्धांत बहुतेक मरण या खुर्द्यातच असते. तायपिंग बंडाचा नेता होंग शिउछुआन हा सरकारी परीक्षेत वारंवार नापास झालेला आणि स्वतःला येशूचा धाकटा भाऊ मानणारा माणूस होता. १८५० ते १८६४ या काळात यांगत्सेच्या खोऱ्यातली सुपीक भातशेती सैन्यांच्या येण्याजाण्याने उजाड झाली, त्यामागून दुष्काळ आला आणि दुष्काळामागून साथी. वेढ्यात अडकलेल्या नानजिंगमध्ये धान्य संपले तेव्हा होंगने रानगवत हेच देवाने धाडलेले अन्न आहे असे सांगून लोकांना ते खायला लावले आणि स्वतःही खाल्ले. १८६४ च्या जूनमध्ये तो मेला, जुलैमध्ये शहर पडले. याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, त्यात सहा ते साडेसात लाख माणसे गेली. तायपिंगच्या तुलनेत ही संख्या किरकोळ ठरते, तरी वाचनालयातली फळी व्यापते ती अमेरिकेची यादवी.

काही वेळा गणती होते, पण आकडा सत्तेच्या सोयीने बाहेर येतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची किती माणसे गेली, या प्रश्नाला स्टालिनने १९४६ मध्ये सुमारे ७० लाख असे उत्तर दिले, ख्रुश्चेव्हने १९६१ मध्ये २ कोटी सांगितले, आणि १९९० मध्ये गोर्बाचेव्हने जवळपास २ कोटी ७० लाख. युद्ध संपल्यावर पंचेचाळीस वर्षांत एकही नवी गोळी न झाडता मृतांची संख्या जवळजवळ चौपट झाली.

काँगोच्या युद्धाचा आकडा आणखी वेगळ्या रीतीने आला. १९९८ ते २००७ या काळात तिथे ५४ लाख जादा मृत्यू झाले, हा अंदाज घरोघरच्या पाहण्यांवरून बांधलेला आहे. युद्ध नसते तर किती माणसे मेली असती हे आधी गृहीत धरायचे आणि प्रत्यक्षातल्या मृत्यूंतून ते वजा करायचे, अशी ही पद्धत. काँगोत युद्धापूर्वीही मृत्युदर जास्तच होता, तेव्हा गृहीतकच चुकले, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला. गृहीतक थोडे हलवले की लाखो माणसे यादीत येतात किंवा यादीतून जातात. यातली बहुतेक हिवताप, अतिसार, न्यूमोनिया आणि कुपोषण यांनी गेली, त्यांत लहान मुले फार.

जर्मनांनी सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राड शहराला घातलेला वेढा १९४१ च्या सप्टेंबरपासून १९४४ च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे ८७२ दिवस चालला. युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात तिथल्या मृतांचा आकडा सुमारे ६ लाख ३२ हजार असा मांडला गेला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ८ ते १० लाखांपर्यंत जातात. पहिल्या हिवाळ्यात मुलांना आणि अवलंबितांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्यातही भेसळ असे. तान्या साविचेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. मोठी बहीण नीना हिच्या वहीत निम्म्या पानांवर बॉयलरची टिपणे होती आणि उरलेली पाने अक्षरवार, पत्त्यांसाठी कोरी होती. त्या पानांवर तान्याने घरातल्या माणसांचे मृत्यू ज्याच्या त्याच्या अक्षराखाली, तारीख आणि वेळ घालून लिहिले. झेन्या, २८ डिसेंबर, दुपारी बारा. मग आजी, लेका, वास्या काका, ल्योशा काका, आणि आई, १३ मे १९४२, सकाळी साडेसात. शेवटच्या तीन पानांवर तीन वाक्ये आहेत: साविचेव मेले. सगळे मेले. एकटी तान्या उरली.

तान्याला शहराबाहेर नेण्यात आले, पण १ जुलै १९४४ रोजी तीही गेली. नीना कारखान्यातल्या लोकांबरोबर लाडोगा सरोवर ओलांडून बाहेर पडली होती आणि भाऊ मिखाईल पार्टिझानांत, म्हणजे गनिमी काव्याने लढणाऱ्या टोळ्यांत, सामील झाला होता. दोघेही जिवंत होते. वहीतल्या ‘सगळे’ या शब्दात तान्याने त्यांनाही धरले होते.