थंडी कधी गेली कळलंच नाही

काल सकाळी खोबरेल तेलाची बाटली उचलली तर तेल चक्क पातळ! मागच्या आठवड्यापर्यंत तिला गरम पाण्यात उभी केल्याशिवाय थेंब निघत नव्हता. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे फोनमधलं हवामानाचं ॲप काहीही म्हणू दे, माझी वेधशाळा हीच.

मग जरा आजूबाजूला बघितलं तर कळलं की हे बरेच दिवस चालू होतं, माझंच लक्ष नव्हतं. हॉलमधलं ऊन बघा ना, डिसेंबरात सूर्य भर दुपारीसुद्धा खालीच असतो त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार सोफ्याखाली जायचं, तिथली धूळ पण दाखवायचं मेलं, आणि आता एकेक फरशी सोडत खिडकीजवळ जाऊन बसलंय. आणि ते सकाळचं. मला आपलं वाटायचं २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो म्हणजे लगेच लवकर उजाडणार, तर तसं नसतं, आधी संध्याकाळच लांबते आणि सूर्योदय जानेवारीतही काही दिवस उशिरा उशिराच होत जातो. इतकी वर्षं मी तो माझा आळस समजत होते!

मागचा पिंपळ तर कुणाचंच ऐकत नाही. एका फांदीवरची पानं पिवळी पडून गळतायत, शेजारची पूर्ण उघडी, आणि तिसरीला नवी पालवी फुटलीसुद्धा. झाड एकच, पाणी तेच, तरी तीन फांद्यांचे तीन महिने. कोवळी पानं तांब्याच्या रंगाची, चकचकीत आणि इतकी लुळी की वाटतं आत्ताच कोणीतरी धुवून वाळत घातलीत. तो तांबूस रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा, हिरवं नंतर भरतं. पण हे सगळं आठ-दहा दिवसांचंच असतं, एखादा आठवडा कामात गेला की तुम्ही थेट हिरवा पिंपळच बघता. गेल्या वर्षी माझं तेच झालं, म्हणून यंदा रोज चहाचा कप घेऊन मागच्या बाजूलाच उभी राहते.

तिथेच तांबट सापडला. म्हणजे आवाज सापडला, टुक टुक टुक, एका लयीत, न थांबता, मला आधी कुणाचं तरी पत्र्याचं काम चालू आहे असंच वाटलं. चिमणीएवढा हिरवा पक्षी, पानांत बसला की दिसतच नाही, बरं चोच मिटूनच ओरडतो, नुसता गळा फुगतो. उघड्या फांदीच्या शेंड्यावर बसला होता म्हणून दिसला, पालवी भरली की संपलं, मग फक्त ऐकायचं.

स्वेटर मात्र अजून खुर्चीवरच आहे. आत ठेवला की हमखास थंडी परत येते, हा माझा स्वतःचा नियम आहे आणि त्याला काहीही शास्त्रीय आधार नाही.

आज पहाटे कोकीळ पण ओरडला. नेहमीची ती चढत जाणारी तान नाही हं, नुसतं एक अर्धवट ‘कु’ आणि गप्प. मी पांघरुणातून डोकं बाहेर काढून दोन-तीन मिनिटं वाट बघितली, पुढचं काही आलंच नाही. मग गार वाटलं म्हणून परत डोक्यावरून घेतलं.