फॉरमॅट मारा म्हणे!

"अभ्यासाला लावला की चालतोय, गेम लावला की मरतोय. त्यालाबी कळतंय बघा, भावजी!" वहिनी म्हणाल्या आणि सगळे हसले. पुतण्या सोडून. पीसी त्याचाच.

शर्यत ऐन रंगात आली की पीसी फटकन बंद. एररचा निळा स्क्रीन नाही, काही नाही. दुकानदाराचा सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं, ते त्यात नसतं. परभणीचा मे म्हणून आधी तापमान बघितलं, तर ग्राफिक्स कार्ड ७५ अंशांच्या आसपास. म्हणजे ठीकच. मग गेमचे फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारी चित्रं, सेकंदाला ६० वर बांधले. कार्ड कमी वीज ओढायला लागलं आणि पीसी बंद पडेना!

संशय पॉवर सप्लायवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या भागावर. कॅबिनेटसोबत आलेला. वर वॅटचा आकडा भला मोठा, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. मित्राचा लावला, फ्रेम मोकळे सोडले, गेम रात्रीपर्यंत चालला.

वहिनींचं निदान चेष्टेतलं, पण दुकानदारापेक्षा जवळचं. लोड आला की मरतोय, हेच तर.

ग्राफिक्स कार्डासाठी महिनाभर व्हिडिओ बघणारी ही पोरं पॉवर सप्लाय कोणता, एवढं तरी विचारतात का हो?