काश्यपीच्या काठावर हवा गेली तेव्हा

रविवारी पहाटे पावणेसहाला नाशिकच्या गंगापूर रोडवरून आम्ही सायकलींवर निघालो, मी आणि माझा भाचा. नोव्हेंबरातली थंडी चांगलीच झोंबत होती. सोमेश्वर मागे पडलं, गंगापूर गाव ओलांडलं आणि उजाडता उजाडता गिरणाऱ्यात पोचलो. टोमॅटोच्या क्रेट्सनी भरलेल्या पिकअप गाड्यांची तिथे रांग लागली होती. चहा घेताना सवयीने मागचं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. निघताना २६ पीएसआय दाबाने भरलेलं टायर मऊ लागलं. काटा लागला असेल, चीक आपलं काम करेल, असं म्हणून मी त्यात पंपाने थोडी हवा मारली आणि पुढे निघालो.

चीक म्हणजे सीलंट. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबच्या जागी हे पांढरं दूध असतं. रबराच्या झाडाच्या चिकासारखं ते लॅटेक्स, त्यात बारीक कण मिसळलेले. काटा घुसला की हवेबरोबर ते भोकात येतं आणि तिथेच थिजतं. नाशिकच्या पश्चिमेला सायकल चालवणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. इथे बाभूळ आहे, बोर आहे, करवंद आहे. त्यात शेतकरी दिवाळीनंतर काट्यांची कुंपणं दुरुस्त करतात, तेव्हा फांद्या ओढत नेलेल्या वाटेवर काट्यांचा सडाच पडतो.

धोंडेगावच्या पुढे काश्यपी धरणाच्या पाण्याकडे जाणारी मातीची वाट धरली. भात सोंगून झालेली खाचरं, पाण्यावर धुक्याचा पातळ थर, पलीकडे डोंगरांची निळी रेघ. या वाटेसाठी मी वर्षातून पाच-सहा वेळा येतो आणि दर वेळी पाण्याच्या पहिल्या दर्शनाला सायकल आपोआप थांबते. या वेळीही थांबलो, तर पुढच्या टायरमधून बारीक ‘सूं’ असा आवाज. इंचभर लांबीचा बाभळीचा काटा ताठ उभा होता. उपटला, भोक खाली येईल असं चाक फिरवलं आणि धरून ठेवलं. दहा-बारा थेंब मातीत पडले, एक बुडबुडा आला आणि आवाज बंद झाला. भाच्याच्या सायकलीला ट्यूब आहे. त्याच वाटेवर त्याच जातीच्या काट्याने त्याची हवा गेली आणि ट्यूब काढून, पॅच लावून, परत भरेपर्यंत वीस मिनिटं गेली.

मागच्या टायरची हवा मात्र उतरतच होती. नीट पाहिलं तेव्हा टायरवर कुठेच ओल नव्हती. ओल होती रिमवर. एका स्पोकच्या मुळाशी, त्याला रिमला आवळणाऱ्या निपलच्या भोवती, पांढरा मणी जमला होता.

ट्यूबलेसमध्ये चीक कुठून बाहेर येतो ते आधी पाहायचं. टायरच्या पाठीवर आला तर काटा किंवा खडा. व्हॉल्व्हच्या बुडाशी आला तर तिथलं रबर बसलेलं नाही. स्पोकपाशी दिसला तर रिमच्या आतली, स्पोकची भोकं बुजवणारी टेप सुटली आहे, आणि मग कितीही चीक ओता, हवा राहणार नाही. टेपखाली शिरलेली हवा पोकळ रिममध्ये फिरून भलत्याच भोकातून निघते. त्यामुळे मणी दिसला तिथेच दोष असेल असंही नाही.

हे सगळं ठाऊक असून मी मऊ टायरवरच उतारावर निघालो. एका वळणावर काळ्या दगडाला चाक आडवं घासलं, ‘फस्स’ झालं आणि टायरची कड रिमवरून निसटली. हातपंपाने ती पुन्हा बसत नाही, कारण कड जागेवर जायला एकदम भरपूर हवा लागते. मग ट्यूब टाकायची. पण सहा महिने धावलेल्या ट्यूबलेस टायरच्या पोटात किती काटे गपचूप बसलेले असतात! चिकाने त्यांना धरून ठेवलेलं असतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. आतून बोट फिरवत एकेक काढला. अकरा निघाले. भाच्याने ते दगडावर ओळीने मांडले. ट्यूब घातली, हवा भरली आणि किलोमीटरभरातच परत सपाट. बारावा राहिला होता.

जवळची एकुलती एक ट्यूब गेली होती, पॅच संपले होते. चालत रस्त्यापर्यंत आलो. एका पिकअपवाल्याने क्रेट्सच्या वर सायकली चढवल्या आणि गिरणाऱ्यात पंक्चरच्या दुकानापाशी सोडलं.

“काय झालं भाऊ?” दुकानातल्या काकांनी विचारलं. ट्यूबलेस आहे म्हटल्यावर त्यांनी चाक हातात घेतलं. “मोटारीला असतं ते ठाऊक. सायकलीला आज पाह्यलं.” मोटारीची रिम आतून सलग असते. सायकलीच्या रिमला स्पोकसाठी भोकं असतात, माझ्या रिमला ३२ आहेत. ती बुजवायला टेप लागते, हे मी सांगितलं आणि त्यांना लगेच पटलं.

मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर करणार आहे. जुन्या बनियनचा एक तुकडा घेतला आणि टायरच्या आतून हलक्या हाताने फिरवला. एका जागी सुताचा धागा अडकला. माझं बोट तिथून चार वेळा गेलं होतं. काट्याचं टोक आत तुटून केसाएवढं वर राहिलं होतं. काकांनी चिमट्याने ते उपटलं, ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून भोक शोधलं, घासकागद, सोल्युशन, पॅच. माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, त्यांच्या नळीला बसेना. पाकिटात ठेवलेला पितळी अडॅप्टर तेव्हा कामी आला.

घरी आल्यावर टायर उघडलं. ज्या दुकानात ते बसवून घेतलं होतं तिथे २१ मिलिमीटरची टेप लावली होती. रिम आतून २५ मिलिमीटर रुंद. टेप रिमपेक्षा दोन-चार मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे ती कडेपर्यंत चढते. पैसे घेऊन केलेल्या कामात हे व्हायला नको होतं, याचा मला राग आहे. पावसाळ्याआधी भरलेल्या चिकाचेही रबरी गोळे झाले होते. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी तो बघायलाच हवा.

जुना गोंद स्पिरिटने पुसला, २८ची टेप ताणून लावली, ट्यूब घालून रात्रभर हवेच्या दाबाखाली ठेवली. सकाळी व्हॉल्व्ह बसवला. त्याचा नट हातानेच आवळायचा, पक्कड लावली की रबर फाटतं. १०० मिली चीक ओतला, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, व्हॉल्व्हची आतली कळ काढून पेट्रोल पंपावर जोरात हवा दिली. ‘टण्ण, टण्ण’ असे दोन आवाज झाले, दोन्ही कडा बसल्या.

पुढच्या रविवारी गिरणाऱ्यात मुद्दाम थांबलो. मागच्या टायरला दोन काटे लागलेले होते. काका म्हणाले, “तो चीक दाखवा बरं.” चिमटा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी काटा उपटला, दूध उडालं तसं चाक स्वतःच फिरवून भोक खाली आणलं आणि कान जवळ नेऊन आवाज थांबेपर्यंत तसेच वाकून राहिले. मग दुसरा काटा भाच्याला काढायला सांगितला.