उंदराच्या पाठीवर माणसाची त्वचा : माझा अनुभव

भाजलेल्या रुग्णाची जखम भरली की त्याचा त्रास संपला, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात मानेवर, काखेत किंवा बोटांच्या सांध्यांवर जाड, लाल आणि रात्रंदिवस खाजणारा वण उठू लागला की दुसरे दुखणे सुरू होते. तो वण आखडत जातो आणि मान वळवणे, हात वर करणे, मूठ मिटणे या साध्या हालचालीही अडतात. पुण्यातील एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करताना मी अशा फुगीर वणांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा पहिलीच अडचण अशी आली की प्रयोगशाळेतल्या उंदराला असा वण सहसा येतच नाही. त्याच्या त्वचेखाली स्नायूंचा एक पातळ थर असतो, जो माणसात जवळजवळ उरलेला नाही. जखम झाली की हा थर तिच्या कडा एकमेकींकडे ओढून घेतो आणि जखम लवकर मिटते. माणसाची जखम मात्र मुख्यतः तळापासून भरत येते आणि कडांकडून नवी त्वचा तिच्यावर सरकते. त्यामुळे माणसाच्या वणाचा अभ्यास उंदरात करायचा तर आधी माणसाची त्वचा त्याच्या पाठीवर रुजवावी लागते. कॅनडातील एडमंटन येथील संशोधकांनी दाखवून दिले होते की माणसाच्या त्वचेचा पातळ थर ‘न्यूड’ जातीच्या उंदरावर रोपला, तर तो पुढे जाड होऊन माणसाच्या फुगीर वणासारखा दिसू लागतो. वणावरची औषधे तपासण्यासाठी तीच पद्धत आमच्याकडे उभी करणे हे माझे काम ठरले.

साध्या उंदरावर माणसाची त्वचा लावली तर त्याचे शरीर ती थोड्याच दिवसांत नाकारते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे भाजलेल्या रुग्णांवर काम करताना शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन यांनी पाहिले होते की त्याच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्या वेळेपेक्षा लवकर गळून पडते, म्हणजेच हे नाकारणे प्रतिकारशक्तीचे काम आहे. योगायोग असा की १९६२ मध्ये त्याच ग्लासगोमध्ये आपोआप घडलेल्या जनुकीय बदलातून केस नसलेले, म्हणजेच ‘न्यूड’, उंदीर जन्माला आले, आणि १९६८ मध्ये त्यांना थायमस ग्रंथीच नसते हे लक्षात आले. थायमस नाही म्हणून परके ऊतक ओळखून त्यावर हल्ला करणाऱ्या टी-पेशी पक्व होत नाहीत, आणि माणसाची त्वचा या उंदरांच्या अंगावर टिकते. आमच्या कामासाठी हेच उंदीर निवडले.

पण उंदीर येण्याआधी कागद यावे लागतात, आणि ते दोन वेगळ्या दारांनी येतात. माणसाचे ऊतक वापरायचे म्हणून आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी संशोधनाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. प्राणी वापरायचे म्हणून १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे ‘फॉर्म बी’ हा परवानगीचा अर्ज भरावा लागतो. या दुसऱ्या समितीत शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य असतातच, शिवाय प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेले बाहेरचे सदस्यही असतात आणि त्यांतला एक शास्त्रज्ञ नसलेला, समाजाच्या बाजूने पाहणारा असतो. आमच्या बैठकीत सर्वांत नेमका प्रश्न त्याच सदस्यांनी विचारला. ते म्हणाले, “ताई, कापून आणलेली त्वचा तुम्ही बशीत जिवंत ठेवू शकता, तर उंदीर कशासाठी?” बशीतली त्वचा रक्तपुरवठा नसल्यामुळे एक-दोन आठवड्यांपलीकडे नीट टिकत नाही आणि वण उठायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागतो, हे माझे उत्तर त्यांना पटले. तरीही त्यांनी आग्रह धरला की जे प्रश्न बशीत सुटतात ते आधी तिथेच सोडवावेत, आणि तसे अर्जात लिहून घेतले. उंदरांच्या संख्येवरही बराच खल झाला. एकाच दात्याची त्वचा दहा उंदरांवर लावली म्हणून दहा माणसांची माहिती मिळत नाही. खरे एकक दाता हे आहे. म्हणून प्रत्येक दात्याच्या त्वचेचे तुकडे औषध दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही गटांत वाटायचे ठरले. या एका बदलाने लागणारे उंदीर कमी झाले आणि निष्कर्षही अधिक विश्वासार्ह झाले.

त्वचा कुठून आणायची, हा यापुढचा टप्पा होता. महाराष्ट्रात त्वचापेढ्यांचे काम जुने आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरचीही स्वतःची पेढी आहे. परंतु मरणोत्तर दान केलेली ती त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये टिकवतात. भाजलेल्या रुग्णाची उघडी जखम झाकून त्याचा जीव वाचवायला ती अमोल आहे, मात्र तिच्यातल्या पेशी जिवंत नसतात आणि मला जिवंत पेशी हव्या होत्या. शिवाय जी त्वचा एखाद्या रुग्णाच्या उपयोगी पडू शकते तिच्याकडे संशोधनासाठी पाहूही नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून पोटावरची सैल त्वचा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेत जो भाग एरवी जैविक कचऱ्यात जातो, तोच घ्यायचे ठरले.

टाकून दिली जाणारी असली तरी ती कुणाची तरी त्वचा असते, त्यामुळे लेखी संमतीशिवाय तिला हात लावता येत नाही. संमतिपत्राचा मराठी मसुदा मी लिहिला होता आणि तो मला सोपा वाटत होता. एक मावशी तो सावकाश वाचून ‘त्वचा जिवंत राहील’ या शब्दांवर बोट ठेवून थांबल्या. “म्हणजे माझी कातडी तिकडं जिती राहणार? मग मला हिकडं काही जाणवंल का गं?” त्यांच्या मुलीला हसू आले, पण प्रश्न अगदी रास्त होता. शरीरापासून वेगळ्या झालेल्या त्वचेचा मेंदूशी संबंध उरत नाही, तिला दुखत नाही आणि त्यांनाही काही जाणवणार नाही, हे मी त्यांना समजावले. त्यांचे नाव कुठेही येणार नाही, तुकड्यावर फक्त सांकेतिक क्रमांक असेल, आणि नकार दिला तरी उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही, हेही सांगितले. त्यांनी घरी विचारून दुसऱ्या दिवशी सही केली. त्यानंतर मसुद्यातला तो परिच्छेद त्यांचा प्रश्न आणि त्याचे उत्तर अशा रूपातच ठेवण्यास समितीने मान्यता दिली. दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी झाल्याशिवाय ऊतक प्रयोगशाळेत येत नसे, कारण प्राणिगृहात काम करणाऱ्या माणसांचाही विचार करावा लागतो.

न्यूड उंदीर सांभाळणे हे वेगळेच शास्त्र आहे. त्याला प्रतिकारशक्ती अपुरी, म्हणून हवा गाळून येणारे स्वतंत्र पिंजरे, निर्जंतुक केलेले खाद्य, पाणी आणि पिंजऱ्यात अंथरायचा मक्याच्या बुरकुंडांचा भुगा. अंगावर केस नाहीत, म्हणून थंडी चटकन बाधते. आमच्या प्राणिगृहातले काका हे काम वर्षानुवर्षे करत होते, आणि पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या टाकल्या की उंदीर त्यांचे घरटे करून ऊब धरतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. वेदनाशामकाचा प्रश्न मात्र कागदावरच अडला. बुप्रेनॉर्फिन हे उंदरांसाठी उत्तम वेदनाशामक अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, त्यामुळे परवाना, कुलूपबंद कपाट आणि प्रत्येक थेंबाची नोंदवही या गोष्टी आधी लागतात. या दिरंगाईत कुणी सुचवले की सुरुवात तर करू, औषध येईल तेव्हा येईल. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते ठामपणे नाकारले आणि औषध हातात येईपर्यंत एकाही उंदराला भूल दिली नाही.

शस्त्रक्रिया स्वतः फार वेळ खात नाही. शस्त्रक्रियागृहातून त्वचा थंड पोषकद्रवात, बर्फाच्या पेटीतून येते. खालची चरबी काढून डर्मॅटोमने, म्हणजे त्वचेचा पातळ थर कापणाऱ्या उपकरणाने, तिचा साधारण ०.४ मिलिमीटर जाडीचा थर काढतात. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल दिल्यावर त्याचे डोळे उघडेच राहतात, ते कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावतात आणि त्याला ३७ अंशांच्या उबदार गादीवर ठेवतात. मग पाठीवरची तेवढीच त्वचा काढून, खालच्या आवरणाला धक्का न लावता, त्या जागी माणसाचा तुकडा बसवून बारीक टाके घालायचे. पाठीचा वरचा भाग निवडायचा, कारण तिथे त्याचे दात पोहोचत नाहीत; मागचे पाय मात्र पोहोचतात. तुकड्याखाली रक्त किंवा हवा राहिली तर तो तळाला चिकटत नाही, म्हणून त्यावर पॅराफिन गॉज (न चिकटणारी जाळीदार पट्टी) ठेवून दाब देणारी पट्टी बांधतात. पट्टी सैल असेल तर ती ओरबाडली जाते आणि घट्ट असेल तर श्वास अडतो. सगळे कसब या पट्टीत आहे.

पहिले एक-दोन दिवस रोपलेली त्वचा तळाच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावरच जगते. नंतर तिच्यातल्या माणसाच्या जुन्या रक्तवाहिन्यांची तोंडे उंदराच्या वाहिन्यांशी जुळू लागतात आणि आठवड्याच्या आसपास रक्त वाहू लागते. या काळात रोज वजन, हालचाल, खाणे आणि पट्टी पाहायची. वजन २० टक्क्यांनी उतरले की तो उंदीर प्रयोगातून काढून त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा, हे आधीच लिहून दिलेले असते आणि त्यात सवलत नसते.

पट्टी काढल्यावर दिसते ते नवख्याला घाबरवणारे असते. माझ्यासमोर काळपट, सुकलेला, कडांना उचललेला पापुद्रा होता आणि रोपण फसले अशी माझी खात्री झाली होती. मॅडमनी चिमट्याने कडेचा सुटलेला भाग हळूच उचलला. खाली ओलसर, गुलाबी आणि दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा गुलाबी होणारी त्वचा होती. वरचा थर मरून गळतो, खालचा जगतो आणि नवा थर तयार करतो. लावणीनंतर भाताचे रोप आधी पिवळे पडते आणि मग मूळ धरते, तसेच हे आहे. जिथे रंग परत येत नव्हता, ते तुकडे मात्र खरोखरच गेले होते.

पुढच्या आठवड्यांत तुकडा आक्रसला, उंचावला आणि हाताला टणक लागू लागला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा शिवणीच्या एका बाजूला उंदराची दोन-तीन पेशींची पातळ बाह्यत्वचा आणि दुसऱ्या बाजूला माणसाची अनेक थरांची जाड बाह्यत्वचा स्पष्ट दिसत होती, आणि फक्त मानवी प्रथिनाला चिकटणारा रंग त्या रेषेवर येऊन थांबत होता. खालच्या थरात कोलॅजन या वण घडवणाऱ्या प्रथिनाचे दाट धागे पसरले होते. मात्र तिथे आलेल्या भक्षक पेशी उंदराच्या होत्या. या नमुन्याची मर्यादा इथेच आहे: माणसाच्या वणात टी-पेशींचा वाटा असतो आणि या उंदरात त्याच नाहीत. म्हणून एखाद्या औषधाने इथे वण मऊ झाला, तरी ते माणसातील दाह आवरेल असे मी म्हणू शकत नाही. कोलॅजनचे तंतू तयार करणाऱ्या पेशींवर त्याचा परिणाम होतो, एवढेच म्हणू शकते.

औषधांबाबतच्या २०२३ च्या सुधारित नियमांनी प्राण्यांशिवायच्या चाचण्यांनाही जागा दिली आहे आणि आमच्याकडे त्याचा उपयोग सुरू झाला आहे. आता कोणतेही नवे रसायन आधी त्याच दात्यांच्या त्वचेवर बशीत तपासले जाते, पेशींना मारक ठरलेले तिथेच बाद होते, आणि उरलेल्यांपैकी ज्यांचा परिणाम रक्तपुरवठा असलेल्या, आठवडे उलटलेल्या वणातच कळू शकतो, तेवढ्यांसाठीच आम्ही ‘फॉर्म बी’ भरतो.