हॅटफिल्डच्या वाड्यात

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून गाडीत बसलं की वीस-पंचवीस मिनिटांत हॅटफिल्ड येतं. स्टेशनाबाहेर पडताच समोर, वाड्याच्या फाटकाशी, तिसरे मार्क्वेस ऑफ सॉल्सबरी खुर्चीत ठाण मांडून बसलेले दिसतात. अर्थात ब्राँझचे. 1885 ते 1902 या काळात तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले गृहस्थ. इथे बहुतेक जण येतात ते पहिल्या एलिझाबेथ राणीचं बालपण गेलं ती जागा बघायला. मी मात्र या दाढीवाल्यांसाठीच आले होते. दादाभाई नौरोजींबद्दल वाचताना त्यांची गाठ पडली होती.

वाडा 1611 चा, पूर्वज रॉबर्ट सेसिल यांनी बांधलेला. आत काळ्या-पांढऱ्या संगमरवरी फरशीचा भव्य दिवाणखाना आहे. पण मला खरी गंमत वाटली ती इथल्या संसाराची. सॉल्सबरी धाकटे, वारसा थोरल्या भावाकडे जायचा. 1857 मध्ये वडिलांचा विरोध पत्करून त्यांनी एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिनाशी, लग्न केलं आणि घरखर्चासाठी नियतकालिकांत लेख लिहिले. 1865 मध्ये भाऊ वारला आणि हे वारस झाले. शाळेत स्वतः खूप छळ सोसलेला हा माणूस मुलांना मात्र बरोबरीने वाद घालू द्यायचा. घरात विज्ञानाची प्रयोगशाळा होती, आणि विजेचे दिवेही इंग्लंडमधल्या बहुतेक वाड्यांच्या आधी आले. उघड्या तारांनी पेट घेतला की मुलं उशा फेकून आग विझवायची आणि गप्पा पुढे चालू! हे ऐकून हसू येतं, पण त्याच विजेने इस्टेटीवरच्या एका कामगाराचा जीवही घेतला होता.

पाच मुलगे. त्यांतले रॉबर्ट पुढे 1937 चे नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी. भाचा आर्थर बॅल्फर मामांच्या मागोमाग पंतप्रधान. मंत्रिमंडळात भाचे, जावई. घराण्याच्या आडनावावरून लोक त्या सरकारला ‘हॉटेल सेसिल’ म्हणायचे. घराणेशाही आपल्याकडचीच खासियत समजणाऱ्यांनी इथे एक चक्कर मारावी.

हेच सॉल्सबरी दोनदा भारतमंत्री, म्हणजे ब्रिटिश मंत्रिमंडळात हिंदुस्थानचा कारभार पाहणारे मंत्री, होते. 1866 मध्ये ओडिशात दुष्काळ पडला असताना आपण दोन महिने काहीच केलं नाही, याची खंत त्यांना पुढे कायम राहिली. सुमारे 10 लाख माणसं गेली होती. 1875 च्या टिपणात त्यांनी लिहिलं की हिंदुस्थानचं रक्त काढायचंच आहे, तर नस्तर जिथे रक्त साठलंय तिथे लावावं. खरं तर शेतकऱ्यांवरचा बोजा हलका करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पण रक्त काढणं त्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि दादाभाईंनी ते वाक्य पुन्हापुन्हा त्यांच्याच लोकांपुढे ठेवलं.

1888 मध्ये एडिंबराच्या सभेत सॉल्सबरींनी शंका काढली: इंग्लंडमधले मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील का? रोख ब्रिटिश संसदेची निवडणूक लढवणाऱ्या दादाभाईंवर होता. त्यावर गदारोळ उठला आणि फारसं कुणाला माहीत नसलेलं दादाभाईंचं नाव देशभर पोचलं. 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते अवघ्या 3 मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत सॉल्सबरींचं बहुमत गेलं.