फोडलेला शाळिग्राम: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, वर्गात जीवाश्म शिकवता आणि घरी शाळिग्राम पुजता?" विद्यार्थी हळूच विचारतात, नातेवाईक खोचून. एकदाचं सांगूनच टाकते.

शाळिग्राम म्हणजे अमोनाइट, हे मला माहीत आहे हो. पोट त्यावरच चालतं माझं. साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, आता हिमालय आहे तिथल्या टेथिस समुद्रात पोहणारा, माकुळाच्या गोतातला पण शंखवाला प्राणी. चिखलात गाडला गेला, भोवती काळा गोटा जमला, पुढे हिमालय उचलला गेला आणि आता नेपाळात मुस्तांगकडून काली गंडकी ते गोटे घरंगळवत आणते. आपण चक्र म्हणतो ते त्या शंखाचे वेढे.

हे नुकतंच शिकले होते तेव्हा, एसवायला, मी आजोबांचा शाळिग्राम गुपचूप कॉलेजात नेला. खाचेत कालचं गंध वाळलेलं होतं. ते नखाने खरवडलं आणि हातोडा मारला. नीट दुभंगलाही नाही, तिरका गेला. आत अर्धाच वेढा, त्यावर पायराइट या खनिजाची सोनेरी चकाकी. एक कपची उडाली ती प्रयोगशाळेच्या केरात गेली. मला वाटलं होतं, फोडला की प्रश्न मिटला. मूर्ख होते. की धीट? अजून ठरत नाही.

आजोबा ओरडतील म्हणून उत्तरं पाठ करून गेले होते. त्यांनी दोन्ही तुकडे धुतले, ताम्हनात ठेवले, तुळस वाहिली. भंगला तरी शाळिग्रामाला दोष नाही, एवढंच म्हणाले. रात्री जेवताना मात्र विचारलं, "किडा दिसला का आत?" पोथीत वज्रकीट आहे ना, दातांनी दगडात चक्रं कोरणारा.

हे ऐकलं की काही जण खूश होतात: बघा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं! नाही. वज्रकीट दगड झाल्यावर येतो, अमोनाइट दगडाच्या आधीचा. पण इंग्लंडात व्हिटबीला हेच अमोनाइट म्हणजे संत हिल्डाने दगड केलेले साप ठरले, आणि विकणाऱ्यांनी त्यांना चक्क डोकी कोरली. आपल्याकडे शाळिग्रामाला छिन्नी लावायची नसते. तो मुळातच देव, त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. हे मला आवडतं. आवडणं म्हणजे मानणं का, ते विचारू नका.

आणि माझी खरी चिडचीड वेगळीच आहे. बायकांनी शाळिग्रामाला शिवायचं नाही, म्हणून आजीने जन्मभर लांबून हात जोडले. फोडणारी मी, आणि आता रोज आंघोळ घालणारीही मीच. पुसताना दोन्ही अर्धे जुळवून बघते. कपचीएवढी फट राहतेच.