कोटजाईच्या काठी, आईला घेऊन

आमच्या वाडीतल्या विहारात आई गेली कित्येक वर्षे वंदना म्हणते, परंतु भिक्खू जिथे प्रत्यक्ष राहिले अशी जागा तिने कधी पाहिली नव्हती. दापोली तालुक्यातच, आमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर पन्हाळेकाजीची लेणी असूनही तिला तिथे नेणे माझ्याकडून राहून गेले होते, याची मला खंत वाटत असे.

पहिला बेत आम्ही आषाढी पौर्णिमेचा केला. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, त्या सुमारास सुरू होतो, तेव्हा तोच दिवस योग्य, असे तिचे म्हणणे होते. परंतु कोकणातल्या आषाढाचा हिशेब आम्ही केलाच नाही. गावातून लेण्यांकडे उतरणारी वाट शेवाळाने निसरडी झाली होती, आईचे गुडघे साथ देईनात, आणि खालून कोटजाई नदीच्या लोंढ्याचा आवाज सतत येत होता. अर्ध्या वाटेवरूनच आम्ही परतलो. मात्र पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी का राहावे, हे मला त्या उतारावर जसे समजले तसे पूर्वी कधी समजले नव्हते. अशा पावसात गावोगाव फिरणे शक्यच नसते. डोक्यावर कातळाचे छप्पर आणि हाकेच्या अंतरावर नदी असेल, तरच ते दिवस ध्यानात आणि अध्ययनात जाऊ शकतात.

दुसऱ्यांदा आम्ही माघात गेलो. या वेळी ओळखीच्या माणसाची रिक्षा दिवसभरासाठी ठरवली, आईसाठी काठी, बसायला चटई, पिण्याचे पाणी आणि एक चांगली बॅटरी घेतली. बॅटरीवाचून आतल्या कोनाड्यांतले कोरीव काम नीट दिसत नाही, म्हणून ती प्रत्येकाने न्यावीच. सकाळी सातला निघालो आणि ऊन तापण्यापूर्वी खाली पोहोचलो.

येथे एकूण २९ लेणी आहेत. त्यांतली २८ नदीच्या बाजूने ओळीने खोदलेली असून एकोणतिसावे थोडे दूर आहे. सगळी पाहणे आईला झेपणार नव्हते, म्हणून आम्ही निवड केली आणि दहाव्या लेण्याशी सर्वाधिक वेळ थांबलो. तिथे महाचंडरोषण या उग्र बौद्ध देवाची मूर्ती आहे. आई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "हे आपल्या बुद्धासारखे दिसत नाहीत रे."

तिचा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर मी आदल्या आठवड्यात वाचून ठेवले होते. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या हीनयान, म्हणजे जुन्या बौद्ध पंथाच्या, भिक्खूंनी इथली पहिली लेणी खोदली. पुढे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास इथे वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथाचे साधक आले, आणि हा उग्र देव त्यांच्या उपासनेतला, त्या पंथातल्या पाच ध्यानी बुद्धांपैकी अक्षोभ्य याच्या कुळातला आहे. त्याच्या हातातले खड्ग माणसावर उगारलेले नसून अज्ञानावर उगारलेले आहे, असे मी सांगितले तेव्हा तिने हात जोडले. धम्माचे एवढे निराळे रूप आपल्याच तालुक्यात, आपल्याच कातळात असावे, याचा मला फार अभिमान वाटला.

त्यानंतरचा इतिहासही याच ओळीत वाचता येतो. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्याच्या काळात इथे शैव आणि गाणपत्य, म्हणजे शिवाची आणि गणपतीची, उपासना आली. शिलाहार राजा अपरादित्याचा मुलगा विक्रमादित्य याचा ११३९ सालचा ताम्रपट इथेच सापडला आणि त्यावरून या जागेचे प्रणालक हे जुने नाव कळले. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या लेण्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. नंतर नाथपंथीयही आले, आणि चौदाव्या लेण्यात त्यांच्या सिद्धांच्या, म्हणजे सिद्धी मिळवलेल्या योग्यांच्या, आकृती आहेत. एका पंथाची जागा पुढच्या पंथाने वापरली, याबद्दल काहींच्या मनात राग असतो. मला मात्र त्या साधकांनी मागच्यांचे इतके काही शिल्लक राहू दिले, हे मोलाचे वाटते.

आईने पिशवीतून मेणबत्ती आणि अगरबत्ती काढली, तेव्हा तिला थांबवणे मला जड गेले. हे संरक्षित स्मारक आहे आणि धुराची काजळी एकदा दगडावर बसली की सहसा निघत नाही, हे समजावल्यावर तिने दोन्ही वस्तू परत ठेवल्या. मग चटई अंथरून आम्ही त्रिशरण आणि पंचशील म्हटले. "बुद्धं सरणं गच्छामि" हे शब्द त्या दगडी खोलीत घुमून परत आले, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

दुपारी तिला नदीकाठच्या सावलीत बसवून मी एकटाच एकोणतिसाव्या लेण्याकडे गेलो. तिथल्या चौऱ्याऐंशी सिद्धांच्या रांगा पाहून परतलो, तेव्हा माघातल्या उथळ, नितळ पाण्यात पाय सोडून ती शांत बसली होती. मी काय पाहिले ते तिने नीट विचारून घेतले आणि मग उठण्यासाठी हात पुढे केला.